सिग्नल फाटू नये म्हणून

(स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

शुक्रवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा जवळच्या मोबाइल टॉवरवरही तशीच गर्दी उसळलेली असते. कोणी घरी फोन लावतो, कोणी नकाशावर घाटातली लाल रेघ किती लांब आहे ते बघतो, मागच्या सीटवरचे पोर व्हिडिओ लावून बसते. या सगळ्यांसाठीचे सिग्नल टॉवरवरच्या मोजक्या ॲम्प्लिफायरमधून एकाच वेळी बाहेर पडतात. प्रत्येकासाठी वेगळे यंत्र नसते. शेकडो संभाषणांची बेरीज आत जाते आणि तीच बेरीज, फक्त मोठी होऊन, बाहेर यावी अशी अपेक्षा असते.

या ‘फक्त’मध्ये सगळी अडचण आहे. आदर्श ॲम्प्लिफायर आत आलेल्याला ठरावीक संख्येने गुणतो. आलेख काढला तर सरळ रेघ येते. खरा ट्रान्झिस्टर मात्र काही मर्यादेपर्यंतच सरळ चालतो. पुढे त्याला वीजपुरवठ्याची भिंत आडवी येते आणि रेघ वाकते. गावदेवीच्या जत्रेत भोंग्याचा आवाज पूर्ण चढवला की गाणे मोठे व्हायच्याऐवजी फाटते. टॉवरवरही नेमके हेच घडते, पण ते कानाला ऐकू येत नाही आणि त्याचे नुकसान दुसऱ्यालाच जास्त होते.

ते कसे, हे आकड्यांत पाहणे सोपे. समजा १८३० आणि १८४० मेगाहर्ट्झवरचे दोन सिग्नल वाकड्या ॲम्प्लिफायरमधून एकत्र गेले. बाहेर पडताना ते दोघे तर असतातच, शिवाय १८२० आणि १८५० वर दोन नवे सिग्नल तयार झालेले असतात, जे कोणीच पाठवलेले नाहीत. तांत्रिक भाषेत यांना तिसऱ्या क्रमाची आंतरमिश्रणे म्हणतात. ती मूळ सिग्नलला इतकी चिकटून असतात की चाळणी लावून काढता येत नाहीत. आणि १८५० मेगाहर्ट्झचा तुकडा कदाचित दुसऱ्याच कंपनीने सरकारी लिलावात पैसे मोजून घेतलेला असतो. आपला ॲम्प्लिफायर वाकला की शेजाऱ्याच्या शेतात पाणी घुसते.

यावरचा जुना उपाय म्हणजे यंत्राला दमवायचे नाही. सिग्नलची ताकद १ डेसिबलने कमी केली, तर ही मिश्रणे ३ डेसिबलने खाली येतात. म्हणून अभियंते ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीच्या बराच खाली चालवतात. पण ४जी-५जीच्या सिग्नलचा स्वभावच असा, की त्याची क्षणिक शिखरे सरासरीच्या ८ ते १० डेसिबल वर उसळतात. १० डेसिबल म्हणजे दहापट, तेव्हा त्या शिखरांना जागा ठेवायची म्हणजे बहुतेक वेळ यंत्राने दहाव्या हिश्श्याने काम करायचे. बी-वर्गाचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर असताना, सिद्धान्तानुसार, पुरवलेल्या विजेपैकी ७८.५ टक्के विजेचे सिग्नलमध्ये रूपांतर करू शकतो. तोच १० डेसिबल खाली आणला की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आत येते. उरलेले सारे उष्णतेत जाते.

सरळपणा हवा तर वीज जाळा, वीज वाचवायची तर सिग्नल फाडा, हा पेच सोडवण्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. त्याची सुरुवात रेडिओपासून नव्हे, टेलिफोनच्या तारेपासून झाली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत बोलणे न्यायचे तर वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवावे लागत. प्रत्येक जण सिग्नल थोडा वाकडा करी आणि पुढच्याच्या हाती देई. एका तारेवर अनेक संभाषणे एकदम घालायची ठरली, तेव्हा ही साठत जाणारी विकृती असह्य झाली. बेल कंपनीतल्या हॅरल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याने आधी ठरवले होते की मुळात निर्दोष ॲम्प्लिफायर बनवायचा. तो बनेना. मग १९२३ मध्ये त्याने प्रश्न उलटा केला: ॲम्प्लिफायर वाकडा तर वाकडा, पण त्याचा वाकडेपणा वेगळा काढून वजा करता येईल का? बाहेर आलेला सिग्नल पुन्हा लहान करायचा, मूळ सिग्नलशी ताडून पाहायचा, जो फरक उरेल तोच दोष. तो फरक दुसऱ्या ॲम्प्लिफायरने मोठा करून मुख्य सिग्नलमधून वजा करायचा. ही फीडफॉरवर्डची कल्पना. प्रयोगशाळेत ती चालली, पण दोन वाटांचा तोल त्या काळच्या निर्वात नळ्यांवर टिकेना. सतत कोणाला तरी खुंट्या पिळत बसावे लागे.

चार वर्षांनी, २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला दुसरा मार्ग सुचला. बाहेर आलेल्या सिग्नलचा छोटा अंश उलटा करून आतच परत घालायचा. हे ऋण प्रतिपोषण. ॲम्प्लिफायरची ताकद घटते, पण चुकाही त्याच प्रमाणात घटतात. त्याने हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर समीकरणे मांडली. ताकद मुद्दाम गमावून ॲम्प्लिफायर सुधारतो, हे लोकांना इतके अजब वाटले की १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर अमेरिकेचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. त्यानंतर ऋण प्रतिपोषणाशिवाय इलेक्ट्रॉनिक्सचे पान हलेनासे झाले. घरातल्या टीव्हीच्या आवाजापासून रेल्वे इंजिनाच्या वेगनियंत्रणापर्यंत ते सगळीकडे आहे.

मग तोच उपाय ५जीच्या टॉवरला का लावत नाहीत? कारण वेळ. सिग्नलला ॲम्प्लिफायरमधून जाऊन परत यायला समजा १० नॅनोसेकंद लागले. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. दहा म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ५जीचा एक पट्टा १०० मेगाहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ५० मेगाहर्ट्झ. ५० मेगाहर्ट्झची लाट १० नॅनोसेकंदांत बरोबर अर्धा फेरा पुरा करते. जे वजा व्हायला निघाले होते ते पोचेपर्यंत अधिक झालेले असते. दोष कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि ॲम्प्लिफायर स्वतःच किंचाळू लागतो. पट्टा अरुंद असता, एखादा मेगाहर्ट्झ, तर याच विलंबाने फारसे बिघडले नसते. या विषयात जे जे अरुंद पट्ट्यावर जमते ते ते रुंद पट्ट्यावर हातातून निसटते. अडचणीचे मूळ ताकदीपेक्षा रुंदीत आहे.

फीडफॉरवर्डला विलंबाची भीती नसते, कारण त्यात काही परत फिरत नाही. म्हणून १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेनेच ती कल्पना सूक्ष्मलहरींसाठी पुन्हा बाहेर काढली आणि मोबाइलच्या सुरुवातीच्या पिढ्यांत ती बरीच वापरली गेली. पण तिचा हिशेब कडक आहे. दोष ३० डेसिबलने कमी करायचा तर दोन वाटांतला फरक ताकदीत पाव डेसिबलच्या आसपास आणि कोनात दोन अंशांच्या आत राहायला हवा. एका वारंवारतेवर नव्हे, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हात, पावसात, यंत्र जुने झाल्यावरसुद्धा.

आज टॉवरवर दिसतो तो तिसरा मार्ग. ॲम्प्लिफायर कुठे आणि किती वाकतो हे आधी मोजायचे आणि सिग्नल आत सोडण्यापूर्वीच त्याला विरुद्ध दिशेने तेवढाच वाकवायचा. दोन वाकडेपणा मिळून सरळ. याला पूर्वविकृती म्हणतात आणि हल्ली हे काम आकडेमोडीने, डिजिटल पद्धतीने होते. बाहेर गेलेल्या सिग्नलचा नमुना सतत घेतला जातो, पाठवायच्या सिग्नलशी ताडला जातो आणि गणितातले गुणांक सुधारले जातात. ब्लॅकचे प्रतिपोषण इथे वेगळ्या रूपात परत आले आहे. आता सिग्नल मागे फिरत नाही, त्याबद्दलची माहिती फिरते. ती चार क्षण उशिरा आली तरी काही किंचाळत नाही, कारण ॲम्प्लिफायरचा स्वभाव नॅनोसेकंदागणिक पालटत नाही.

तरी रुंदी इथेही आपली किंमत वसूल करतेच. तिसऱ्या क्रमाची मिश्रणे मूळ पट्ट्याच्या तिप्पट जागेत पसरतात, पाचव्या क्रमाची पाचपट. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल सरळ करायचा तर ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचे नमुने घेणारी आणि तेवढ्या रुंदीचा सिग्नल बनवणारी यंत्रणा लागते, आणि तीही वीज खाते. शिवाय ॲम्प्लिफायरला स्मृती असते. त्याचे आत्ताचे वागणे आत्ताच्या सिग्नलवरच अवलंबून नसते. नुकतेच मोठे शिखर येऊन गेले असेल तर ट्रान्झिस्टर क्षणभर तापलेला असतो, वीजपुरवठा किंचित खचलेला असतो, आणि गॅलियम नायट्राइडच्या नव्या ट्रान्झिस्टरांत तर काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकून सावकाश सुटतात. पट्टा जितका रुंद, तितक्या या आठवणी महत्त्वाच्या. त्यामुळे गणितात मागच्या क्षणांची पदे घालावी लागतात आणि ती वाढता वाढता प्रोसेसरला पेलेनाशी होतात. वीज वाचवण्यासाठी डोहर्टीची जी जोडगोळी १९३६ पासून वापरतात, एक ॲम्प्लिफायर सतत चालणारा आणि दुसरा फक्त शिखरांना जागा होणारा, तिच्यातली पाव-तरंगलांबीची जोडतारदेखील एकाच वारंवारतेसाठी कापलेली असते.

ही झाली पाठवणाऱ्याची बाजू. पाठवणाऱ्याला निदान आपण काय पाठवतो हे ठाऊक असते. ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याची अवस्था याहून बिकट, आणि त्याचे सर्वांत थोर उदाहरण कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीपलीकडे, सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटरवर उभे आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, पसारा २५ किलोमीटरचा. जागा निवडताना आसपासच्या डोंगरांनी शहरी रेडिओगोंगाट अडवावा याचा विचार होता.

या दुर्बिणीची एक जुनी वाट कर्जत लोकलच्या मार्गावरूनच जाते. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली ती १९६५ मध्ये, कल्याणजवळ. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या त्यांनी तिथे मांडल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य न्याहाळला. मग उटी, मग खोडद. खोडदच्या मूळ रचनेतही ६१० मेगाहर्ट्झचा पट्टा होता. 

खोडदची पहिली रचना एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा तुकडा ऐकत असे. २०१९ पर्यंत पूर्ण झालेल्या सुधारणेनंतर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू लागली आणि तिचे पट्टे १२०–२५०, २५०–५००, ५५०–८५० आणि १०५०–१४५० मेगाहर्ट्झ असे रुंदावले. यातला पहिला पट्टा नीट पाहण्यासारखा आहे. त्याचे वरचे टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून जास्त आहे. इतका रुंद पट्टा एकाच ॲम्प्लिफायरने झेलायचा ठरवला की आतापर्यंत न दिसलेले दुसऱ्या क्रमाचे दोष पुढे येतात. एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात, म्हणजे पट्ट्याच्या बाहेरच. पण ॲम्प्लिफायर किंचित वाकला तर ९८ आणि १०१ वरच्या दोन केंद्रांची बेरीज १९९ वर प्रकट होते, थेट पट्ट्याच्या पोटात. अरुंद ॲम्प्लिफायर असता तर अशी बेरीज चाळणीने सहज काढली असती.

आणि इथे पूर्वविकृती चालत नाही. ती करायला मूळ सिग्नल माहीत असावा लागतो, आणि आकाशातून काय येणार हे ठाऊक असते तर दुर्बीण कशाला बांधली असती? शिल्लक राहतात ते कष्टाचे मार्ग. पहिला ॲम्प्लिफायर कमी खरखरीचाही हवा आणि मोठा सिग्नल आला तरी न वाकणाराही. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध ओढतात. नको असलेला बलवान सिग्नल आधीच गाळायचा, तर गाळणीतच खऱ्या सिग्नलचा अंश मरतो आणि खरखर वाढते. पुढे तो सिग्नल प्रकाशतंतूवरून मध्यवर्ती इमारतीत जातो, तेव्हा प्रकाश देणारा लेसरही सरळ वागला पाहिजे. साखळीतली प्रत्येक कडी तपासावी लागते. बलवान सिग्नलने ॲम्प्लिफायर दडपला गेला तर दूरच्या वारंवारतेवरचा क्षीण ताराही मंद झाल्यासारखा भासतो, आणि ते मोजमाप मुकाट्याने चुकते. फाटलेला आवाज निदान कळतो. हे कळतही नाही.

एवढ्या कष्टांचे फळ काय, तर स्पंदकांचे, म्हणजे नियमित रेडिओ-ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, उदाहरण पुरेसे आहे. स्पंदकाचा ठोका आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेवर उशिरा पोचतो. हा उशीर जितक्या रुंद पट्ट्यावर मोजावा तितका नेमका कळतो. भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने, जपानी सहकाऱ्यांसह, खोडदच्या रुंद पट्ट्यांवर हे ठोके वर्षानुवर्षे मोजले. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अशाच ठोक्यांच्या मोजमापांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर केला, तेव्हा युरोपीय गटाबरोबर या भारतीय नोंदीही होत्या.

आता घाटाच्या अलीकडे येऊ. पनवेल–कर्जत या नव्या उपनगरी मार्गावर वावर्ले येथे २,६२५ मीटरचा बोगदा आहे. खोपोली–कुसगाव जोडरस्त्याचा मोठा बोगदा सुमारे ९ किलोमीटरचा. डोंगराच्या पोटात बाहेरच्या टॉवरचा सिग्नल पोचत नाही. अशा ठिकाणी जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे बोगद्याच्या भिंतीवरून ठरावीक अंतरावर चिरा पाडलेली केबल ओढायची. सिग्नल त्या चिरांतून झिरपतो, त्यामुळे पुढे जाता जाता क्षीण होतो, म्हणून मधे मधे ॲम्प्लिफायर. सगळ्या कंपन्यांचे सगळे पट्टे त्याच एका केबलवर. ब्लॅकला छळणारी लांब तार, साखळीने लावलेले ॲम्प्लिफायर आणि साठत जाणारी विकृती, हे सारे शंभर वर्षांनी सह्याद्रीच्या पोटात जसेच्या तसे पुन्हा मांडले जाते. फक्त पट्टा काही किलोहर्ट्झचा उरलेला नाही. टॉवरकडून फोनकडे येणारे १८०५–१८८० आणि २११०–२१७० मेगाहर्ट्झचे पट्टे एकत्र वाकले तर त्यांची तिसऱ्या क्रमाची मिश्रणे २३४० पासून २५३५ पर्यंत कुठेही पडू शकतात. तिथे दुसरी मोबाइल सेवा आहे आणि वायफायही. कोकणातल्या दमट हवेत गंजलेला केबलचा जोडसुद्धा अशी मिश्रणे तयार करतो, आणि त्याला तर वीजही लागत नाही.

बोगद्याबाहेर, डोंगरावरच्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. बचावपथके भर पावसात पायी चढली. अशा वाड्यांच्या आसपास टॉवर असणे जितके महत्त्वाचे, तितकाच तो विजेविना किती तास टिकतो हा प्रश्न महत्त्वाचा. आणि तो प्रश्न बराचसा ॲम्प्लिफायरचाच आहे. नमुन्यादाखल हिशेब करू. तीन ॲम्प्लिफायर, प्रत्येकी ४० वॉट सिग्नल. सरळपणासाठी त्यांना कुवतीच्या खूप खाली चालवले आणि कार्यक्षमता १० टक्के उरली, तर ते तिघे १,२०० वॉट ओढतात. पूर्वविकृती आणि डोहर्टीची रचना वापरून ती ४० टक्क्यांवर नेली, तर ३०० वॉट. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९.६ किलोवॉट-तास वीज मावते. फक्त ॲम्प्लिफायरचाच खर्च धरला तर पहिल्या बाबतीत ती ८ तास पुरेल, दुसऱ्या बाबतीत ३२. संध्याकाळी वीज गेली तर ८ तासांची बॅटरी उत्तररात्री संपते. ३२ तासांची दुसरा दिवस काढून दुसऱ्या उत्तररात्रीपर्यंत पोचते. सरळ रेघेचा हट्ट अभियंत्यांनी का धरावा याला याहून मोठे कारण शोधायची गरज नाही.

हे ज्ञान मुंबई-बंगळूरुच्या कंपन्यांतच राहावे असेही काही नाही. कर्जत आणि खोपोलीच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या मुलांना करता येईल असा एक प्रयोग आहे. सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओसंच, एक लहान ॲम्प्लिफायर, त्याच्या टोकाला अँटेनाऐवजी सिग्नल जिरवणारा बंद भार, म्हणजे हवेत काही जाणार नाही. दोन स्वर सोडायचे, ताकद १ डेसिबलने वाढवायची आणि शेजारची मिश्रणे ३ डेसिबलने वाढतात का ते पडद्यावर पाहायचे. मग पूर्वविकृतीचे चार ओळींचे गणित लिहून ती खाली आणायची. त्यानंतर पट्टा १ मेगाहर्ट्झवरून ५, १०, २० असा रुंदावत न्यायचा आणि तेच गणित कुठे तोकडे पडते, कुठे स्मृतीची पदे घालावी लागतात, त्याची नोंद ठेवायची. मे महिन्याच्या दुपारी काढलेले गुणांक जुलैच्या पावसात पुन्हा लावून पाहायचे. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला विद्यार्थ्यांचे प्रयोग मांडले जातात. त्या मांडवात कर्जत-खालापूरच्या टेबलावर हा आलेख असावा, आणि शेजारी तो वाकडा ॲम्प्लिफायरही, झाकण उघडून ठेवलेला.